एसएमपीएसचा पंखा आवाज करतोय: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

‘कॉम्प्युटर खूप आवाज करतो’ म्हणून सुरू झालेली चौकशी बऱ्याचदा एसएमपीएसच्या, म्हणजे कॉम्प्युटरला वीज पुरवणाऱ्या डब्याच्या, पंख्यापाशी येऊन थांबते. गेल्या काही वर्षांत मला पुन्हा पुन्हा विचारले गेलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. पॉवर सप्लायला सगळीकडे एसएमपीएसच म्हटलं आहे, कारण दुकानात आणि घरात हाच शब्द चालतो. एक विनंती मात्र आधीच करतो. हातात स्क्रूड्रायव्हर घेतला असेल तर पहिल्यांदा प्रश्न ८ वाचा, बाकीचं नंतर.

१. एसएमपीएसला पंखा लागतोच कशाला? थोडा आवाज तर येणारच ना?

घरातली २३० व्होल्टची वीज घेऊन एसएमपीएस तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट डीसी करतो. या रूपांतरात काही वीज उष्णता होऊन वाया जाते. समजा कॉम्प्युटरला ३०० वॅट लागतात आणि एसएमपीएसची कार्यक्षमता ८० टक्के आहे. मग सॉकेटमधून ३७५ वॅट ओढले जातात आणि उरलेले ७५ वॅट त्या पत्र्याच्या डब्यातच तापतात. ६० वॅटच्या जुन्या पिवळ्या बल्बला हात लावून पाहिला असेल, तर ही उष्णता किती ते लक्षात येईल. ती बाहेर काढण्याचं काम पंख्याचं. हवा वाहण्याचा मंद, एकसारखा ‘सूंऽऽ’ असा आवाज येणारच. खरखर, टकटक किंवा किरकिर मात्र येता कामा नये.

२. आवाज एसएमपीएसचाच आहे हे कसं ओळखायचं?

कॅबिनेटमध्ये प्रोसेसरचा पंखा असतो, ग्राफिक्स कार्डाचे असतात, मागचा-पुढचा पंखा असतो आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर तीही कुरकुरते. बाजूचं झाकण काढा. वर्तमानपत्राची घट्ट सुरळी करून एक टोक कानाला लावा आणि दुसरं प्रत्येक पंख्याजवळ वीतभर अंतरावरून फिरवा, आत खुपसू नका. आवाज कुठून येतो ते अर्ध्या मिनिटात कळतं. तरीही शंका राहिली तर कॉम्प्युटर बंद करा, कॅबिनेटच्या पंख्याची पिन मदरबोर्डवरून काढा आणि पुन्हा चालू करून ऐका. प्रोसेसरच्या पंख्याची पिन काढून असा प्रयोग करू नका.

३. कुठल्या आवाजाचा काय अर्थ?

सगळ्यात जास्त वेळ द्यावा असा हा प्रश्न आहे, कारण पुढचं सगळं यावर ठरतं.

‘घर्रर्र’ किंवा ‘खर्रर्र’ असा दळणाच्या गिरणीसारखा आवाज येत असेल आणि तो पंख्याच्या वेगाबरोबर कमी-जास्त होत असेल, तर बेअरिंग सुकलं आहे किंवा झिजलं आहे. सायकलच्या चाकात पुठ्ठा अडकवल्यासारखा नियमित ‘टक-टक-टक’ येत असेल, तर पात्याला काहीतरी लागतं आहे: आतली वायर, कापताना लांब राहिलेलं झिप टायचं टोक, कधी धुळीचा गोळा. ‘हूंऽऽ’ असा जड घुमारा येतो आणि कॅबिनेटवर तळहात दाबला की थांबतो? मग पंख्यात दोष असेलच असं नाही, पत्रा थरथरतो आहे (प्रश्न १७). नुसत्या हवेचाच आवाज, पण फार मोठा, तर पंखा ठीक आहे आणि आत उष्णता जास्त आहे (प्रश्न १३). डासासारखी बारीक, कानात घुसणारी ‘चींऽऽ’ ही बहुतेकदा पंख्याची नसतेच (प्रश्न ५).

चालू करताना एकदाच ‘टक्’ असा आवाज येत असेल तर तो आतल्या रिलेचा (आपोआप चालणाऱ्या स्विचचा) असतो. त्यात काही बिघडलेलं नाही.

आणि कोणत्याही आवाजाबरोबर जळका वास आला, तर कारण शोधत बसू नका. सॉकेटचं बटण बंद करून वायर काढा.

४. सकाळी पहिली दहा मिनिटं घरघर येते, मग आपोआप थांबते. दुर्लक्ष केलं तर चालेल?

काही आठवडे चालेल, काही महिने चालेलच याची खात्री नाही. स्वस्त पंख्यात बॉल बेअरिंग नसतं, बुश असतो. हा सच्छिद्र धातूचा असतो आणि त्यात तेल मुरवलेलं असतं. वर्षानुवर्षं गरम होऊन ते तेल कमी होतं, उरलेलं धुळीत कालवून चिकट होतं. डिसेंबरच्या सकाळी हे चिकट तेल आणखी घट्ट असतं, दांडा बुशात कोरडा घासतो आणि घरघर येते. मशीन तापलं की तेल पातळ होतं, आवाज थांबतो आणि आपल्याला वाटतं की बरं झालं.

माझ्या स्वतःच्या मशीनवर हे घडलं आहे. नोव्हेंबरात दोन मिनिटं येणारा आवाज जानेवारीत अर्धा तास यायला लागला. एका सकाळी आवाज आलाच नाही, म्हणून मी खूश झालो. मागे हात धरला तर हवा येत नव्हती. पंखा अडकला होता. म्हणून सांगतो, आवाजाची मिनिटं मोजा. ती वाढत असतील तर पंखा बदलायची वेळ आली आहे.

५. गेम सुरू केला की बारीक शिट्टी येते, बाहेर पडलो की जाते. पंखा बदलू का?

नको, पैसे वाया जातील. हा कॉइलचा आवाज आहे. तांब्याच्या गुंडाळीतून वेगाने बदलणारा प्रवाह गेला की ती अगदी सूक्ष्म कंप पावते, आणि तो कंप ऐकू येण्याच्या पट्ट्यात आला की शिट्टी वाजते. ओळखायची खूण अशी: गेमच्या मेनूमध्ये, जिथे सेकंदाला शेकडो फ्रेम तयार होतात, तिथे ती सगळ्यात तीव्र असते. फ्रेम रेटला ६० ची मर्यादा घाला. आवाज तत्क्षणी कमी झाला तर निदान पक्कं. पंख्याचा वेग इतक्या पटकन बदलत नाही. अशी शिट्टी ग्राफिक्स कार्डातूनही तितकीच येते, तेव्हा सुरळीचा प्रयोग आधी करा. कानाला त्रास होतो, पण यंत्राला धोका नाही.

६. एसएमपीएस न उघडता आतली धूळ काढता येते का?

बरीचशी येते. वायर काढा, एसएमपीएस कॅबिनेटमधून सोडवा आणि बाल्कनीत न्या. जाळीतून इअरबडची प्लास्टिकची दांडी आत घालून पातं हलकेच टेकवून धरा, मग ब्लोअरची हवा थांबून थांबून मारा: थोडी पंख्याच्या बाजूने, थोडी मागच्या जाळीतून. धातूची कोणतीही वस्तू जाळीतून आत घालू नका.

धूळ कसली आहे तेही पाहा. कोरडी राखाडी धूळ उडून जाते. मशीन देवघराशेजारी असेल तर अगरबत्तीच्या धुराची काजळी बसते, स्वयंपाकघराच्या दाराशी असेल तर फोडणीची तेलकट वाफ. अशी धूळ पात्यावर थरासारखी चिकटते आणि ब्लोअरला दाद देत नाही. पात्यांवर ती कमी-जास्त बसली की पंख्याचा तोल जातो आणि घुमारा सुरू होतो. त्यासाठी पंखा बाहेर काढून पुसावाच लागतो, म्हणजे पुन्हा प्रश्न ८. आणि मशीनची जागा बदला, नाहीतर वर्षभरात तेच होईल.

७. दिवाळीच्या साफसफाईत ब्लोअर मारला आणि तेव्हापासूनच आवाज यायला लागला. असं कसं?

हा प्रश्न दरवर्षी येतो. दोन कारणं संभवतात. पातं न धरता ब्लोअर मारला तर पंखा त्याच्या नेहमीच्या वेगाच्या कितीतरी पट फिरतो आणि आधीच झिजलेला बुश त्यात खिळखिळा होतो. किंवा हवेच्या झोताने आतली एखादी वायर सरकून पात्याला लागते. दुसऱ्या प्रकारात टकटक येते, पहिल्यात घरघर. आतली वायर घासली जात असेल तर मशीन तसंच वापरत राहू नका, तिचं आवरण सोलवटलं जाईल.

८. एसएमपीएस उघडला तर खरंच शॉक बसतो का? वायर तर काढलेली असते.

बसू शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो. आत अंगठ्याएवढं किंवा त्याहून जाड एक नळकांडं असतं, त्यावर ४०० किंवा ४५० व्होल्ट असं छापलेलं असतं. हा मुख्य कपॅसिटर, म्हणजे वीज साठवून ठेवणारा भाग. जुन्या प्रकारात २०० व्होल्टचे दोन असतात. २३० व्होल्ट एसी सरळ केली की तिचे सुमारे ३२५ व्होल्ट डीसी होतात, आणि ॲक्टिव्ह पीएफसी (पॉवर फॅक्टर सुधारणारं सर्किट) असलेल्या एसएमपीएसमध्ये ते ३८० ते ४०० पर्यंत चढवलेले असतात. वायर काढल्यावरही हा साठा काही वेळ आत राहतो.

चांगल्या बनावटीत तो हळूहळू रिकामा व्हावा म्हणून रेझिस्टर असतो. त्यावर भरवसा ठेवू नका. बंद पडलेला एसएमपीएस तर आणखी धोक्याचा, कारण साठा जिथून वाहून जायचा तो मार्गच जळालेला असू शकतो.

वायर काढल्यावर, एसएमपीएस मदरबोर्डला जोडलेला असतानाच, कॅबिनेटचं पॉवर बटण दहा सेकंद दाबून धरा. मग निदान एक रात्र तसंच ठेवा. उघडल्यावर मल्टिमीटर डीसीच्या ६०० किंवा १००० व्होल्टच्या पट्ट्यावर ठेवून कपॅसिटरच्या दोन टोकांवर मोजा. आकडा १० च्या खाली आल्याशिवाय आत बोट नको. स्क्रूड्रायव्हरने टोकं जोडून ठिणगी पाडण्याची पद्धत मी अनेकांकडे पाहिली आहे, ती कधीही वापरू नका.

मल्टिमीटर नसेल किंवा तो वापरायची सवय नसेल, तर उघडू नका. तुमच्या गावात टीव्ही, इन्व्हर्टर दुरुस्त करणारा जो कोणी जाणता माणूस असेल त्याच्याकडे द्या. तासाभराचं काम आहे.

९. पंख्यात तेल घातलं तर आवाज जातो म्हणतात. कोणतं घालू? घरात खोबरेल आहे.

खोबरेल नको. ते २४ अंशांच्या आसपास गोठायला लागतं, थंडीत बाटली उन्हात ठेवावी लागते हे आपण पाहतोच. गोडं तेल, राईचं तेल हेही नको, गरम होऊन त्याचा चिकट राप बसतो. गंज सोडवायचा स्प्रेही टाळा. तो पातळ असतो, उरलंसुरलं तेल धुऊन टाकतो आणि उडून जातो. आठवडाभर शांतता मिळते आणि मग आधीपेक्षा वाईट आवाज. शिलाई मशीनचं तेल उत्तम.

पंखा बाहेर काढला की मधल्या स्टिकरची कड नखाने उचला, पूर्ण फाडू नका. खाली रबराचं किंवा प्लास्टिकचं बूच असेल. ते काढलं की दांड्याचं चकचकीत टोक दिसतं आणि त्याभोवती एक चीर असलेली बारीक पांढरी चकती. तिला हात लावू नका, ती टणकन उडते आणि फरशीवर पुन्हा सापडत नाही. भोवती काळी पेस्ट दिसली तर कापसाच्या बोळ्याने टिपून घ्या. मग दोनच थेंब तेल घालून पातं हाताने दोन्हीकडे फिरवा आणि पाच मिनिटं थांबा. बूच लावा. स्टिकरखालची जागा कोरडी पुसून घ्या, नाहीतर स्टिकर चिकटत नाही आणि तेल बाहेर येतं.

हे फक्त बुशाच्या पंख्यासाठी. बॉल बेअरिंग आवाज करायला लागलं की तेलाने फारसा फरक पडत नाही, आणि सीलबंद प्रकारांत तेल घालायला जागाच नसते. पातं बाजूला हलवून पाहा. दांडा डुगडुगत असेल तर बुश झिजला आहे, तेल वाया घालवू नका.

१०. नवा पंखा आणायचा तर काय पाहून आणू?

जुना पंखा सोबत घेऊन दुकानात जा, हा सगळ्यात सोपा उपाय. माप मिलिमीटरमध्ये असतं: जुन्या एसएमपीएसमध्ये मागे ८० चा, नव्यांत १२०, १३५ किंवा १४० चा. जाडी बहुधा २५ असते, पण मोजून घ्या. १३५ चा पंखा सुटा मिळणं अवघड जातं आणि त्याच्या स्क्रूच्या जागाही जुळतीलच असं नाही.

व्होल्ट १२ हवेत. स्टिकरवरचा ॲम्पिअरचा आकडा जुन्याच्या जवळपास असू द्या. इथेच लोक चुकतात: ‘एकदम शांत’ म्हणून विकला जाणारा, संथ फिरणारा कॅबिनेटचा पंखा लावतात. तो शांत असतो कारण हवा कमी ढकलतो. जुन्या पंख्यावर अर्ध्या भागात पारदर्शक प्लास्टिकचा तुकडा लावलेला असेल तर तो नव्यावरही तसाच लावा. हवा परस्पर जाळीतून निघून न जाता सगळ्या भागांवरून जावी म्हणून तो दिलेला असतो.

११. नवा पंखा लावला, पण तो फिरत नाही किंवा फार उशिरा फिरतो.

लाल वायर धन, काळी ऋण. तिसरी, बहुधा पिवळी, असेल तर ती फक्त वेग कळवते. लाल-काळी उलटी लागली तर पंखा फिरत नाही.

जोडणी बरोबर असेल तर खरं कारण वेगळं असतं. एसएमपीएस थंड असताना पंख्याला पूर्ण १२ व्होल्ट देत नाही, चार-पाच व्होल्टपासून सुरुवात करतो आणि आतल्या थर्मिस्टरने तापमान वाढल्याचं सांगितलं की वाढवतो. काही पंख्यांना सुरू व्हायलाच सहा-सात व्होल्ट लागतात. असा पंखा एसएमपीएस तापेपर्यंत जागचा हलत नाही. तो परत करा आणि कमी व्होल्टवर सुरू होणारा घ्या.

दिशाही तपासा. मोठा पंखा हवा एसएमपीएसच्या आत ढकलतो, जुना ८० चा मागचा पंखा बाहेर फेकतो. पंख्याच्या चौकटीवर बहुधा बाण असतो.

१२. रेझिस्टर लावून पंख्याचा वेग कमी केला तर? किंवा बायोसमधून (मदरबोर्डच्या सेटिंगमधून)?

बायोसमधून होणार नाही. एसएमपीएसचा पंखा मदरबोर्डच्या ताब्यात नसतो, तो तापमान पाहून आतूनच चालतो. यूएसबीने जोडले जाणारे काही मोजके महागडे एसएमपीएस एवढाच अपवाद.

रेझिस्टर लावून वेग कमी करता येतो, पण कृपा करून करू नका. आवाज जातो, उष्णता मात्र आतच राहते आणि ती आधी कपॅसिटर खाते. फुगलेले कपॅसिटर काढताना मला जितक्यांदा अशी जोडकामं सापडली आहेत, त्यावरून हे कळकळीने सांगतो आहे. पंखा काढून बाहेरून टेबलफॅन लावणं हेही त्यातलंच.

१३. एप्रिल-मे आला की पंखा विमानासारखा वाजतो. पावसाळ्यात शांत असतो.

मग तो बरोबर काम करतो आहे. नागपूर, चंद्रपूरकडे बाहेर ४५ अंश असताना खोलीतलीच हवा तापलेली असते आणि तीच हवा एसएमपीएसला थंड करायला मिळते. मशीन भिंतीपासून वीतभर पुढे ओढा, टेबलाच्या बंद कप्प्यातून बाहेर काढा, खालची जाळी धुऊन वाळवून लावा. एवढ्याने वेग बराच उतरतो, आणि वेग थोडा उतरला तरी आवाज त्याहून जास्त उतरतो. कोकणात उलटी अडचण दिसते: दमट हवा, त्यामुळे धूळ घट्ट बसते. तिथे प्रश्न ६ मधली सफाई पावसाळा संपल्यावर एकदा कराच.

१४. एसएमपीएसचा पंखा फिरतच नाही, काहीच आवाज नाही. बिघडला का?

नव्या काही एसएमपीएसमध्ये कमी भार असताना पंखा मुद्दाम थांबवलेला असतो. मागे किंवा पुस्तिकेत ‘ईको’ किंवा ‘हायब्रिड’ असं काही लिहिलं आहे का पाहा. बटण असेल तर ते बंद करा, पंखा फिरायला हवा. बटण नसेल तर जड काम वीस मिनिटं चालवून मागे हात धरा.

एसएमपीएस जुना किंवा साधा असेल तर थांबलेला पंखा म्हणजे बिघाडच. पत्रा हात ठेववत नाही इतका तापला असेल तर काम सेव्ह करून मशीन बंद करा.

१५. लाईट गेली की, यूपीएसवर असेपर्यंत एसएमपीएस गुणगुणतो.

पंखा १२ व्होल्ट डीसीवर चालतो, त्याचा यात संबंध नाही. साधा यूपीएस बॅटरीवर असताना गोलाईची साइन लहर न देता पायऱ्यापायऱ्यांची लहर देतो. ॲक्टिव्ह पीएफसीच्या एसएमपीएसला ती मानवत नाही आणि आतल्या गुंडाळ्या गुणगुणतात. काही वेळा मशीन बंदही पडतं. फाइल सेव्ह करून बंद करण्यापुरता वेळ मिळत असेल तर चालवून घ्या. तासन्‌तास बॅटरीवर काम करायचं असेल तर शुद्ध साइन लहरीचा यूपीएस घ्यावा लागेल.

१६. वॉरंटी आहे, पण सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात आवाजच येत नाही.

माझ्याबाबतीत झालंय. सकाळी घरघरणारा एसएमपीएस दुपारी उन्हातून नेला, तिथे तो शांत फिरला आणि ‘दोष नाही’ असं लिहून परत आला. दुसऱ्या वेळी सकाळीच मोबाइलवर व्हिडिओ काढला: आधी घड्याळ, मग मॉडेल नंबर, मग सुरळीच्या टोकाशी मोबाइल धरून आवाज. तो दाखवल्यावर बदलून मिळाला. वॉरंटी साधारण ३ ते १० वर्षं असते, तेव्हा बिल आधी शोधा. आणि स्क्रूवरचं स्टिकर फाडलंत तर वॉरंटी गेली असं धरून चाला. प्रश्न ९ आणि १० वॉरंटी संपलेल्यांसाठी आहेत.

१७. पंखा नवा, तेलपाणी झालं, तरी कॅबिनेट घुमतंच आहे.

एसएमपीएसचे मागचे चारही स्क्रू जागेवर आहेत का? दोनच लावलेले असतात असं फार वेळा दिसतं. चारही लावा, पण आधी सगळे सैल बसवून मग तिरके-तिरके आवळा. एसएमपीएस आणि पत्र्यामध्ये दारांना लावतात ती फोमची चिकटपट्टी लावा, मात्र जाळी झाकू नका. कॅबिनेटचे रबरी पाय गळून पडले असतील तर जुन्या स्लिपरचे चार तुकडे खाली ठेवून पाहा. एसएमपीएस कॅबिनेटच्या तळाशी असेल आणि खाली जाळी असेल, तर पंखा खाली तोंड करून बसवा म्हणजे त्याला बाहेरची थंड हवा मिळते. खाली गालिचा किंवा सतरंजी असेल तर तोंड वर करा. बाजूचं झाकण दाबल्यावर घुमारा थांबत असेल, तर त्याच्या आतल्या कडेला त्याच पट्टीचा एक तुकडा पुरतो.